चोराला टॅब विकताच येऊ नये

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

टॅब चोरीला जाण्याबद्दल आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा. गेलेला टॅब शोधून देणारी सोय वेगळी आणि तो चोराच्या हातात निरुपयोगी करणारी सोय वेगळी. पहिलीवर फार विसंबू नये. दुसरी खरोखर उपयोगाची आहे, पण ती टॅब हातात असतानाच चालू करून ठेवावी लागते.

प्रश्न : पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना बॅगेतून सिमकार्डवाला अँड्रॉइड टॅब गेला. कल्याण मागे पडल्यावर लक्षात आले. तक्रार कुठे करायची आणि आधी काय करायचे? (वाचक, नाशिक रोड)

आधी टॅबला कुलूप लावा, तक्रार त्यानंतर. शेजारच्या प्रवाशाच्या फोनवर गूगलचे फाइंड हब उघडा (याचेच आधीचे नाव फाइंड माय डिव्हाइस), पाहुणा म्हणून आपल्या खात्याने आत जा आणि टॅब लॉक करा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. गूगल ओळखीची दुसरी खात्री मागते आणि तो ओटीपी जातो चोराच्या हातातल्या सिमवर. म्हणून गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातून बॅकअप कोड (ओटीपीऐवजी चालणारे) आजच काढून ठेवा. एका वेळी १० कोड मिळतात, प्रत्येक ८ अंकी. एक प्रत घरी, एक पाकिटात. टॅब ठेवता त्या बॅगेत मात्र नको.

लॉक झाल्यावर नकाशावर दिसणाऱ्या जागेचा वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. मग सिम कंपनीला फोन करून सिम बंद करा. टॅबवर बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप असेल तर बँकेला कळवा; पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर. व्हॉट्सॲप फोनवर असून टॅबला जोडलेले असेल, तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून टॅब काढून टाका.

गूगल खात्याच्या उपकरणांच्या यादीतून टॅब 'साइन आउट' करायची घाई मात्र नको. खाते निघाले की फाइंड हबला तो टॅब दिसेनासा होतो. दूरून डेटा पुसण्याचेही तेच. पुसल्यानंतर अँड्रॉइड टॅबची जागा कळत नाही. टॅबला स्क्रीन लॉक असेल तर आतला मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे 'आधी सगळे पुसून टाकू' अशी घाबरगुंडी नको. जागा कळण्याची आशा संपली की मगच पुसा.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. रेल्वेतल्या चोरीचा तपास लोहमार्ग पोलीस करतात, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. कल्याणला उतरून द्या, दादरला द्या किंवा परत येऊन नाशिक रोडला द्या. प्रवासात असाल तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवा. तक्रार ऑनलाइन पाठवलीत तर ३ दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या.

ठाण्यात 'गहाळ झाला असे लिहून देऊ का?' असे विचारले जाते. खिशातून पडला असेल तर गहाळ ठीक आहे. बॅगेची चेन उघडून नेला असेल तर ती चोरी आहे आणि तसेच लिहून घ्या. प्रवासी वाहनातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीला कलम ३०३ खाली ३ वर्षांपर्यंत. नोंद घ्यायला नकार मिळाला तर तीच माहिती टपालाने वरिष्ठांना पाठवता येते. नाशिक शहरात पोलीस उपायुक्त, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षक.

आता आयएमईआय, म्हणजे सिमवर चालणाऱ्या उपकरणाचा ओळख क्रमांक. टॅबला सिमची जागा आहे म्हणजे त्याला १५ अंकी आयएमईआय आहे. तो खोक्यावर सापडेल, बिलावर सापडेल, नाहीतर फाइंड हबमध्ये टॅबच्या नावाशेजारच्या माहितीच्या खुणेवर. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा ॲपवर सीईआयआर (हरवलेल्या उपकरणांचे आयएमईआय बंद करणारी सरकारी यंत्रणा) या विभागात 'हरवलेला किंवा चोरीचा मोबाइल ब्लॉक करा' असा अर्ज आहे. त्याला आयएमईआय, तक्रारीची प्रत, खरेदीचे बिल आणि ओळखपत्र लागते. टॅबमध्ये जो नंबर होता त्याचे दुसरे सिम आधी घ्या, कारण ओटीपी त्यावर येतो. नवे सिम चालू झाल्यावर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. 'ओटीपीच येत नाही' म्हणून लोक हैराण होतात त्याचे कारण हेच. अर्ज मंजूर झाला की त्या आयएमईआयवर देशातल्या कोणत्याही कंपनीचे सिम चालत नाही, आणि कुणी सिम घातले तर त्याची माहिती पोलिसांना मिळते. अर्जाचा विनंती क्रमांक जपून ठेवा. टॅब मिळाल्यावर ब्लॉक काढायला तोच लागतो.

प्रश्न : मुलीच्या अभ्यासाचा वाय-फायवाला आयपॅड कॉलेज रोडच्या अभ्यासिकेतून गेला. संचार साथीवर नोंद होत नाही. मग काय, हात जोडून बसायचे? (वाचक, गंगापूर रोड)

नोंद होत नाही कारण नुसत्या वाय-फायच्या टॅबला आयएमईआयच नसतो. त्याला फक्त सिरीयल नंबर असतो आणि सीईआयआरला सिरीयल नंबरचा काही उपयोग नाही. भारतात घरोघरी, शाळांत, क्लासेसमध्ये असे वाय-फायचे टॅब भरपूर आहेत आणि ते सगळे या सरकारी जाळ्याच्या बाहेर आहेत. अशा टॅबला आधार फक्त कंपनीच्या कुलपाचा.

आयपॅडच्या बाबतीत तो आधार चांगला आहे. कोणत्याही ब्राउझरवर आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड उघडा. इथे ॲपल खात्याचा पासवर्ड पुरतो, दुसऱ्या उपकरणावर येणारा कोड लागत नाही. आयपॅड 'हरवला' म्हणून नोंदवा आणि पडद्यावर संपर्काचा नंबर द्या. आयपॅड वाय-फायवर नसला तरी त्याचा ब्लूटूथ संकेत आसपासचे आयफोन पकडतात आणि जागा कळवतात. ही सोय २०१९ पासून आहे. चोराने आयपॅड बंद केला किंवा बॅटरी संपली की मात्र शेवटची जागा तेवढी दिसते.

नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्याने किंवा चार मित्र घेऊन तिथे जाऊ नका. जुन्या नाशकातल्या भिंतीला भिंत लागलेल्या वाड्यांत त्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ पाच-सात घरांवर पसरते. नेमके घर त्यातून कळत नाही. चुकीच्या दारावर जाऊन उभे राहिलात तर गोत्यात तुम्हीच याल. वेळेसकट स्क्रीनशॉट तपासी अंमलदाराला द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे: आयपॅड कायमचा गेला असे वाटले तरी खात्यातून 'रिमूव्ह' करू नका. 'इरेज' केल्याने आतला मजकूर जातो, पण ॲक्टिव्हेशन लॉक (पुन्हा चालू करताना मालकाचा पासवर्ड मागणारे कुलूप) राहतो. 'रिमूव्ह' केल्याने तो लॉकच निघतो आणि आयपॅड कुणालाही नव्यासारखा वापरता येतो. नव्या आयपॅडची यादी नीट दिसावी म्हणून जुना काढून टाकणारे लोक नकळत चोराचे काम पूर्ण करतात.

प्रश्न : चोरीनंतर आठ दिवसांनी 'तुमचा आयपॅड सापडला आहे, जागा पाहण्यासाठी लिंक उघडा' असा एसएमएस आला. खरा असेल का? (वाचक, इंदिरानगर)

खोटा आहे. चोराकडे कुलूप लागलेला आयपॅड आहे आणि त्यावर तुमचाच संपर्क नंबर दिसतो आहे. कुलूप उघडायला त्याला तुमचा पासवर्ड हवा. लिंकवरचे पान ॲपलच्या पानासारखेच दिसते, कधी त्यावर नकाशाही असतो. पासवर्ड टाकलात की काही मिनिटांत आयपॅड तुमच्या खात्यातून जातो.

लिंक कधीही उघडू नका. ॲपलची शोधायची सोय, फाइंड माय, स्वतःच उघडून पाहा. 'सेवा केंद्रातून बोलतोय' म्हणत गोड आवाजात कुणी पासकोड विचारला तरी देऊ नका. एसएमएस पुसू नका, ज्या नंबरवरून आला तो तपासी अंमलदाराला द्या. पासवर्ड देऊन बसला असाल तर ताबडतोब बदला आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला आहे का ते आठवा.

प्रश्न : टॅब घेताना दुकानदाराने 'संरक्षण योजना' दिली होती. चोरीचे पैसे मिळतील का? (वाचक, सिडको)

योजनेच्या कागदावर 'चोरी' हा शब्द आहे का ते पाहा. अशा बऱ्याच योजना पडझड आणि पाणी जाणे यांपुरत्याच असतात. चोरी समाविष्ट असेल तर एफआयआर लागेल, नुसता गहाळ दाखला बहुधा चालणार नाही, आणि कळवायची मुदत तासांत मोजलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी लेखी कळवा. बिलावर टॅबचा सिरीयल नंबर नसेल तर तिथेही अडेल.

प्रश्न : टॅब बनवणाऱ्या कंपन्यांना ठरवले तर चोऱ्या बंद करता येणार नाहीत का? सिरीयल नंबर त्यांच्याकडे असतो, टॅब त्यांच्याच सर्व्हरला जोडला जातो. (वाचक, पंचवटी)

बंद नाही, पण कमी नक्की करता येतात, आणि तसे घडलेले आहे. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर ॲक्टिव्हेशन लॉक आणला. टॅब किंवा फोन पुसला तरी पुन्हा चालू करताना मूळ मालकाचा पासवर्ड मागायचा, ही त्यातली कल्पना. पुढच्या वर्षभरात आयफोनच्या चोऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटल्या, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये जाहीर केले. त्या शहरांत पोलीस अचानक दुप्पट झाले नव्हते. चोरलेल्या वस्तूचा भाव पडला होता. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये असे कुलूप कायद्यानेच सक्तीचे केले आणि १ जुलै २०१५ पासून ते लागू झाले. पण त्या कायद्यातही शब्द 'स्मार्टफोन' असाच आहे, टॅब त्यातून सुटला.

अँड्रॉइडमध्ये हेच काम फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन करते. ते २०१५ च्या ५.१ आवृत्तीपासून आहे. त्यातली मेख अशी की टॅबवर गूगल खाते आणि स्क्रीन लॉक, दोन्ही असतील तरच ते लागू होते. मुलांना सोपे जावे म्हणून पॅटर्न काढून टाकलेल्या टॅबवर हे संरक्षण शून्य. शिवाय जुन्या आवृत्त्यांत सुरुवातीच्या मांडणीतून पळवाट काढून कुलूप चुकवणारे बरेच असत. २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये गूगलने ही वाट अरुंद केली: मांडणी चुकवून आत शिरले तरी नवे खाते जोडता येत नाही, ॲप टाकता येत नाही. तेव्हाच हिसका मारून पळवलेले उपकरण ओळखून आपोआप लॉक करण्याची सोयही आली, पण ती मुख्यतः फोनसाठी. तुमच्या टॅबच्या सेटिंग्जमध्ये 'थेफ्ट प्रोटेक्शन' शोधून पाहा. जेवढे पर्याय दिसतील तेवढे चालू करा.

मग कंपन्या कुठे कमी पडतात? पहिली गोष्ट स्वस्त टॅबची. गूगलचे प्रमाणपत्र नसलेल्या टॅबवर ही कुलपे असतील याची खात्री नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' खाली प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्राची ओळ असते. विकत घेण्याआधी दुकानातच ती पाहा. 'प्रमाणित नाही' असे आले तर टॅब तिथेच ठेवून या.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. अख्खा टॅब विकता येत नसला तरी डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा काढून विकता येतो. ॲपलने २०२४ पासून आयफोनच्या भागांवरही ॲक्टिव्हेशन लॉक आणला: कुलूप लागलेल्या फोनचा भाग दुसऱ्या फोनमध्ये घातला की मूळ मालकाचा पासवर्ड मागितला जातो. हे सर्व कंपन्यांनी टॅबला लागू करायला हवे, मात्र दुरुस्ती करणाऱ्या प्रामाणिक कारागिराला जुने भाग वापरता आले पाहिजेत. मालकाने सोडलेला भाग मोकळा, न सोडलेला बंद, एवढा साधा नियम पुरतो.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत मोठी उणीव म्हणजे जुना टॅब घेणाऱ्याला दुरून खात्री करता येत नाही. सिरीयल नंबर टाकून कुलूप आहे की नाही सांगणारे पान ॲपलकडे होते, ते जानेवारी २०१७ मध्ये काढले गेले. आयएमईआयसाठी आपल्या सरकारने तपासणीची सोय केली आहे, मग वाय-फाय टॅबच्या सिरीयल नंबरसाठी कंपन्यांनी का करू नये? नुसते 'कुलूप आहे' किंवा 'नाही' एवढेच उत्तर द्यावे, मालकाचे नाव नको.

'चोरीचा' असा शिक्का मालकाच्या फोनवरून का मारत नाहीत, याला मात्र सबळ कारण आहे. स्वतः टॅब विकून पैसे घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी चोरीची तक्रार करू शकतो. खरे-खोटे कंपनीला ठरवता येत नाही, म्हणून पोलिसांची नोंद मधे हवीच. सीईआयआरला तक्रारीची प्रत लागते ती यामुळेच.

तोवर तुमच्या हातातले एक काम आजच करा. आयपॅडच्या पासकोड विभागात लॉक असताना कंट्रोल सेंटर उघडण्याची परवानगी बंद करा, म्हणजे चोराला पडद्यावरूनच एअरप्लेन मोड लावता येणार नाही. सॅमसंगमध्ये लॉक स्क्रीनच्या सुरक्षित सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क आणि सुरक्षा लॉक करा' असा पर्याय असतो. फाइंड हबमध्ये ऑफलाइन शोधाचा पर्याय मुळात फक्त गर्दीच्या ठिकाणांसाठी लावलेला असतो. तो 'सर्व ठिकाणी' असा बदला, नाहीतर मखमलाबादच्या मळ्यात राहिलेला टॅब दिसणार नाही.

प्रश्न : जुना टॅब एमजी रोडवर किंवा ऑनलाइन जाहिरातीतून घ्यायचा आहे. चोरीचा नाही हे कसे ओळखावे? (वाचक, सातपूर)

टॅब तुमच्यासमोर पूर्ण रीसेट करायला लावा आणि तुमच्या खात्याने होम स्क्रीनपर्यंत पोचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानात वाय-फाय नसेल तर आपला हॉटस्पॉट द्या, कारण नेट नसताना कुलूप दिसत नाही. मधेच दुसऱ्याचे खाते मागितले, तर विकणाऱ्याने तिथल्या तिथे पासवर्ड टाकून ते काढावे. 'भावाचे खाते आहे, संध्याकाळी पाठवतो' हे ऐकून घेऊ नका. 'रिमोट मॅनेजमेंट' असे पान आले तर तो कुठल्यातरी शाळेचा किंवा कंपनीचा टॅब आहे आणि प्रत्येक रीसेटनंतर ते पान परत येणार.

खोक्यावरचा, सेटिंग्जमधला आणि बिलावरचा सिरीयल नंबर जुळवा. सिमचा टॅब असेल तर *#०६# लावून किंवा सेटिंग्जमधून आयएमईआय घ्या, इंग्रजीत केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवा. ब्लॅकलिस्ट किंवा आधीच वापरात असल्याचे उत्तर आले तर विषय संपला. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या. 'लॉक बायपास करून देतो' म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. तसा उघडलेला टॅब पुढच्या रीसेटला पुन्हा बंद पडू शकतो. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असताना घेतला, तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात आमचे मंडळ मदत केंद्रावर नोंदणीसाठी १२ अँड्रॉइड टॅब वापरणार आहे. स्वयंसेवक बदलत राहतील. काय काळजी घ्यावी? (मंडळाचे कार्यकर्ते, पंचवटी)

रामकुंडाच्या गर्दीत टेबलावर ठेवलेला टॅब उचलायला दोन सेकंद पुरतात. स्टीलची केबल असलेला टॅब स्टँड घ्या आणि केबल टेबलाच्या आडव्या दांडीतून फिरवून लावा. पायातून घातली तर टेबल उचलले की निघते. नोंदणीचे ॲप 'पिन' करून ठेवा आणि बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्याय लावा. सिमला पिन लावा, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी ओटीपी मिळणार नाही. मूळ पिन सिम कंपनीकडून आधी विचारून घ्या, कारण तीनदा चुकला की सिम पीयूके (अडकलेले सिम उघडायचा वेगळा कोड) मागते.

खरी गफलत खात्यांत होते. ज्याला टॅब दिला तो स्वयंसेवक आपले खाते टाकतो, पर्वणी संपल्यावर गावी जातो आणि नंतर रीसेट केलेला टॅब त्याचाच पासवर्ड मागत बसतो. म्हणजे चोरासाठीचे कुलूप मंडळालाच लागते. म्हणून मंडळाच्या नावाने खाते काढा, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडेच ठेवा आणि टॅबवर आणखी खाते जोडू देऊ नका. संस्थेसाठीचे उपकरण व्यवस्थापन ॲप घेणार असाल, तर नव्या टॅबच्या स्वागताच्या पानावर सहा वेळा टॅप करून क्यूआर कोडने ते पहिल्याच वेळी बसवा. टॅब वापरात आल्यावर बसवायचे तर आधी रीसेट करावा लागतो. विकत घेताना बिलात बाराही सिरीयल नंबर आणि आयएमईआय छापून घ्या. 'टॅब – १२ नग' एवढेच लिहिलेल्या बिलावर पोलीस ठाण्यात कोणता टॅब तुमचा हे सिद्ध होत नाही, आणि चोरीचा टॅब सापडला तरी मुद्देमालातून तो सोडवताना न्यायालयात हीच अडचण पुन्हा येते.